अक्कांबरोबर जाफन्याला

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, “बोटीनं का गेलात? विमानं बंद पडली होती का?” इंदूरच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे नर्मदेचं, तेही पाइपातून येणारं आणि एक दिवसाआड. पाण्यावर बसून दुसऱ्या देशात जायचं ही कल्पना आमच्या कॉलनीत कुणाच्या गळी उतरेना.

खरं कारण स्वयंपाकघरातलं आहे. मी घरी मसाले करून विकते. खडा मसाला सियागंजच्या बाजारातून आणते, आणि तिथले सेठजी दालचिनीचा पुडा पुढे करताना दर वेळी म्हणतात, “भाभीजी, ये सिलोन का माल है, सूंघ के देखो.” इतकी वर्षं नुसता वास घेतला. एकदा झाड बघावं असं मनात होतं. मग पेपरात वाचलं की तमिळनाडूतल्या नागपट्टणमहून श्रीलंकेच्या उत्तर टोकाला प्रवासी बोट जाते, सकाळी निघाली की दुपारच्या जेवणाला पलीकडे. मी यांना म्हटलं, आपण जाऊया.

हे म्हणाले, “लालबागच्या मेळ्यात तू मला पाळण्यात बसवलंस, तेव्हा काय हालत झाली होती, याद आहे ना?”

“पाळणा गोल फिरतो. बोट सरळ जाते,” मी म्हटलं. आणि मी तिकिटं काढून मोकळी झाले.

नागपट्टणम

रेल्वेचा प्रवास सांगत बसत नाही. नागपट्टणमच्या बंदरावर पोचलो तेव्हा समुद्र खवळलेला होता आणि आज बोट सुटणार नाही असं कळलं. माणसं बॅगांवर बसून राहिली होती. कुणी भांडत नव्हतं. इंदूरला बस रद्द झाली तर निदान चार जण तरी खिडकीवर जाऊन आवाज चढवतात, तेव्हा कुठे मनाला बरं वाटतं. इथे सगळे शांतपणे डबे उघडून इडल्या खायला लागले.

मी यांना म्हणत होते, “अहो, आता काय करायचं? वापस लॉजवर चला, अपन उद्या बघू.”

मागून आवाज आला, “तुम्ही मराठी बोलता का हिंदी, मज कळेना.”

वळून बघते तो एक म्हाताऱ्या बाई. पांढरेशुभ्र केस, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, मांडीवर स्टीलचा डबा. मी म्हटलं, मराठीच की. त्या म्हणाल्या, “आमा, वाटलं तसं. पण मध्ये मध्ये दुसरंच काही येतं.”

‘आमा’ म्हणजे तमिळमध्ये ‘हो’. त्यांच्या मराठीत मध्ये मध्ये काय येत होतं ते मी बोलले नाही. बाई तंजावूरच्या होत्या. त्यांचे पूर्वज भोसल्यांबरोबर दक्षिणेला गेले ते तिथलेच झाले, आमचे होळकरांबरोबर माळव्यात गेले ते माळव्याचे झाले. एकाच घरातून निघालेल्या दोन वाटांवरची माणसं शेकडो वर्षांनी एका बाकावर बसली होती, आणि दोघींनाही आपलीच मराठी शुद्ध वाटत होती. त्या ‘ठीक’ म्हणण्याऐवजी ‘सरी’ म्हणायच्या, मी ‘बढिया’ म्हणायचे. मी मिरचीला ‘तीखी’ म्हटलं तर त्या हसू लागल्या. त्यांनी ‘मज कोठे ठाऊक’ म्हटलं की मला एखादी जुनी पोथी उठून बोलायला लागल्यासारखं वाटे.

त्यांचं नाव सुशीलाबाई, पण त्यांना सगळे अक्का म्हणतात. आम्हीही अक्काच म्हणू लागलो. दिवसभर बोट नाही म्हटल्यावर बोलण्याला तोटा नव्हता. मी त्यांना सोबत आणलेली लसणाची शेव दिली. त्यांनी एक चिमूट तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पुन्हा हात पुढे केला.

अक्का जाफन्याला निघाल्या होत्या धाकट्या बहिणीला भेटायला. पद्मा तिचं नाव. कॉलेजात असताना तिचं जाफन्याहून शिकायला आलेल्या एका मुलाशी जमलं, लग्न करून ती पलीकडे गेली, आणि त्यानंतर दोघींची भेट नाही. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही? अक्कांनी बोटं मोजत सांगितलं, “आधी अप्पांचा राग. मग तिथलं युद्ध. मग माझे गुडघे.”

आता पद्माचा नवरा वारला होता. तिला काही आठवत नव्हतं. मुलीला ती ‘टीचर’ म्हणायची. फोन कानाला लावला तर खाली ठेवून द्यायची. मुलीनं, वाणीनं, अक्कांना कळवलं की मावशी, यायचं असेल तर आता या. अक्कांचे यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यांना मुलाच्या भरवशावर ठेवून त्या निघाल्या होत्या आणि पुढच्या आठवड्याच्या बोटीनं त्यांना परतायचंच होतं. आमचंही परतीचं तिकीट त्याच बोटीचं होतं.

“एवढंच बघायचं आहे,” अक्का म्हणाल्या, “पद्मा मज ओळखील का?”

हे उगाच धीर द्यायला म्हणाले, “ओळखणार, अक्काजी. बहीण आहे, कसं नाही ओळखणार.” अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

बोटीवर

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. माझ्या डोक्यात शिडाची होडी, निदान कठडा आणि वारा तरी होता. ही बोट आतून बंद, गार, एखाद्या व्हॉल्वो बससारखी. खिडकीच्या काचेवर लाटा आपटायच्या आणि बाहेरचा समुद्र मिनिटभर पुसून जायचा. किनारा दिसेनासा झाला तेव्हा मला जरा भीती वाटली, आणि ती मला आवडली. चारी बाजूंना काहीच नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

बोट सरळ जाते हे माझं म्हणणं मात्र खोटं ठरलं. ती सरळ जाते, पण वरखाली होत जाते. यांचा चेहरा मेथीच्या रंगाचा झाला. जवळून जाणाऱ्या कर्मचारी मुलीला हे म्हणाले, “चक्कर, चक्कर.” ती घाबरली. “सक्करै? शुगर?” म्हणत तिनं यांच्या पुढ्यातली फ्रूटी आणि गोड बिस्किटं चटकन उचलली आणि साध्या पाण्याची बाटली ठेवली. तमिळमध्ये सक्करै म्हणजे साखर. यांना मधुमेह आहे असं ठरवून ती पोर सबंध प्रवासभर यांच्यावर नजर ठेवून होती. अक्का पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांच्या चमक्या हलायला लागल्या. गैरसमज दूर करायला त्यांनी मुळीच मदत केली नाही.

हसून झाल्यावर त्या खिडकीकडे वळल्या. ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. तर त्या पद्माला काय म्हणायचं त्याची तालीम करत होत्या. “पद्मा, मी अक्का. पद्मा, बघ कोण आलं. पद्मा, तुझे केस मी विंचरत होते.” एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आपण मनात बोलतोय असं त्यांना वाटत होतं, आणि पुढच्या दोन रांगांना सगळं ऐकू जात होतं.

कांकेसंतुरै नावाच्या बंदरावर उतरलो. नाव उच्चारता येईपर्यंत पासपोर्टावर शिक्काही बसला. फाटकापाशी वाणी उभी होती. पन्नाशीकडे झुकलेली, शाळेत गणित शिकवणारी, छत्री बगलेत धरलेली. तिला तमिळ आणि इंग्रजी येतं, मराठीचं एक अक्षर नाही. माझ्याशी ती इंग्रजीत बोले. अक्कांनी माझा हात सोडला नाही, म्हणून वाणीनं आम्हालाही तिच्याच गल्लीतल्या एका घरगुती लॉजवर खोली मिळवून दिली आणि दुपारी जेवायला बोलावलं.

जाफना

जाफन्यात डोंगर नाही, चढ नाही, सगळी लाल सपाट जमीन आणि त्यावर ताडाची झाडं. घरांची कुंपणंही ताडाच्या झावळ्यांची, माणसाच्या उंचीहून वर गेलेली, त्यामुळे गल्लीतून जाताना कुणाचं घर दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतात. अंगणात विहीर. मध्येच एखादं छप्पर नसलेलं घर, भिंतीला गोळ्यांची भोकं, आतून उगवलेलं झाड. वाणीनं त्याकडे बोट दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दालचिनीचं मात्र मी लगेच विचारलं. वाणी जागच्या जागी थांबली. “ती दक्षिणेला. बेटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. इथे एक झाड मिळणार नाही.” यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बोटीवरचे सगळे हाल वसूल झाले.

पद्माबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. अंगानं अक्कांच्या निम्म्या. केसांची पांढरी वेणी, पदर कमरेला खोचलेला, पायांत चपला, नजर फाटकावर. अक्का आत गेल्या आणि उभ्याच राहिल्या. बोटीवर घोकलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. वाणी शेजारी होती म्हणून सवयीनं त्यांच्या तोंडून तमिळच निघालं. पद्माबाईंनी नीट ऐकून घेतलं, दारात काही विकायला आलेल्या बाईला करावा तसा नमस्कार केला आणि पुन्हा फाटकाकडे पाहू लागल्या. अक्का खाली पायरीवर बसल्या. गुडघे दुखतायत म्हणाल्या.

जेवायला बसलो. तांबडा भात, नारळाच्या दुधाची पातळ सोदी, आणि भाज्याच भाज्या: बटाट्याची, वांग्याची, शेवग्याची, भोपळ्याची. एवढं कशाला केलंस, असं मी म्हटलं. वाणी म्हणाली, “अम्मा सकाळपासून करी मागते. रोज. करी, करी. मी शाळेत जायच्या आधी दोन करून ठेवते, आल्यावर आणखी करते. ताट समोर ठेवलं की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या. दुसरं काय मागते ते मला कळतच नाही, नुसती बडबड असते. करी तेवढं कळतं.”

त्याच वेळी पद्माबाईंनी ताट ढकललं आणि म्हणाल्या, “करी.”

वाणीनं शेवग्याची वाटी पुढे सरकवली. “करी,” पद्माबाई पुन्हा म्हणाल्या, आणि मग खालच्या आवाजात, पुटपुटत, “उशीर झाला.”

मी घास हातात धरून थांबले. अक्का दुसऱ्या टोकाला, कमी ऐकू येणारा कान पद्माबाईंकडे करून बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. वाणीला ‘उशीर’ कळायचा प्रश्नच नव्हता. तिनं आईच्या बोलण्यातला जो एक शब्द ओळखीचा वाटला तो धरला होता आणि बाकीचे, बिचारीला कळत नव्हते म्हणून, सोडून दिले होते. मला तमिळ येत नाही, त्यामुळे माझ्या कानानं नेमका उलटा उद्योग केला.

मी पुढे वाकून विचारलं, “कुठे जायचंय? घरी?”

पद्माबाईंनी प्रथमच माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. “घरी,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडात तो ‘घ’ अर्धा ‘क’ झालेला होता, पण आता मला तो स्वच्छ ऐकू आला. “उशीर झाला. आई रागे भरेल.”

अक्कांना मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी उष्ट्या हातानंच तोंड झाकून घेतलं. मग त्यांनी वाणीला तमिळमध्ये सांगितलं. वाणी भाज्यांच्या वाट्यांकडे बघत राहिली. किती महिने ती हे रांधत होती कोण जाणे. मला फार वाईट वाटलं आणि आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

“कोणत्या घरी गं?” अक्कांनी बहिणीला विचारलं, आता मराठीत.

“आपल्या.”

वाणीनं त्याचा अर्थ विचारला आणि ऐकल्यावर म्हणाली, “हे तिचंच घर आहे. माझा जन्म इथे झाला.” ती ताटं उचलून आत गेली. भांडी जरा जोरात आपटत होती.

पुढचे दोन दिवस मावशी-भाचीत धुसफुस चालली. अक्कांचं म्हणणं, पद्माला तंजावूरला नेते. वाणीचं म्हणणं, पासपोर्ट नाही, डॉक्टर परवानगी देणार नाहीत, आणि आई माझी आहे. मी अक्कांना विचारलं, तंजावूरचं घर अजून आहे का? त्या म्हणाल्या, “कोठलं. विकलं ना. मोबाइलचं दुकान आहे तेथे. रोज त्यावरून जाते मी.”

“मग तिला नेणार कुठे?”

“ते मज ठाऊक नाही. पण ती म्हणते आहे ना.”

आम्ही तेवढ्यात गाव पाहून घेतलं. नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. हे आधी बाहेरच थांबतो म्हणाले. मग एक सुटाबुटातले म्हातारे गृहस्थ शांतपणे उघडे होऊन आत गेलेले पाहून यांनीही धीर केला आणि पोट आत ओढून सबंध प्रदक्षिणा घातली. बाजारात ताडाच्या रसाचा गूळ मिळतो, विणलेल्या इवल्या टोपलीत भरलेला. आपल्या गुळाहून काळा आणि जराशा धुराच्या चवीचा. दुकानदारानं दालचिनीचं पाकीटही पुढे केलं आणि वास घ्या म्हणाला. घेतला. सियागंजातल्यासारखाच होता.

तिसऱ्या दिवशी चहाला वाणीकडे गेलो तर मावशी-भाची दोन खोल्यांत. पद्माबाई फाटकाशी उभ्या, कडी हलवत. यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाले, “अक्काजी, झगडा कशाला? एक चक्कर मारवून आणा ना यांना.”

चक्कर म्हणजे इथे फेरी, एवढं अक्कांना कळलं, पण त्यांना वाटलं हे थट्टा करतायत. हे थट्टा करत नव्हते. माझे सासरे शेवटच्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी पिशवी भरून दारात उभे राहायचे. म्हणायचे, चला, आता आम्हाला आमच्या घरी सोडा. उभे असायचे स्वतःच्याच घरात, स्वतः बांधलेल्या. आधी आम्ही समजावायचो, ते चिडायचे, रडायचे. मग एक दिवस यांनी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं, राजवाड्यापर्यंत नेलं, वळवलं आणि आमच्याच दारात आणून सोडलं. “बाबा, आलं घर.” सासरे उतरले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, हां, आलं. त्यानंतर रोज तीच फेरी. पाऊस असला तर छत्री धरून गल्लीच्या टोकापर्यंत.

यांनी हे सगळं त्यांच्या इंदुरी मराठीत सांगितलं, मी वाणीला इंग्रजीत. ती म्हणाली, “म्हणजे आईला फसवायचं.”

“फसवायचं कुठे?” हे म्हणाले. “घरीच आणतो ना.”

 वाणीनं उठून फाटकाची कडी काढली.

अक्कांनी पद्माबाईंचा हात धरला. “चल पद्मा, घरी जाऊ. उशीर झाला.” पद्माबाई लगेच निघाल्या, वाट बघून कंटाळलेलं माणूस निघतं तशा. झावळ्यांच्या कुंपणाकडेनं त्या दोघी, मागे वाणी, तिच्यामागे आम्ही. अक्कांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून सगळं हळू चाललं होतं. कोपऱ्यावरून वळलो, देवळाच्या मागून वळलो आणि परसदारानं वाणीच्याच अंगणात आलो. तिकडून घर वेगळं दिसतं. आधी विहीर लागते, मग केळी, मग स्वयंपाकघराचं दार.

पद्माबाई विहिरीशी थांबल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि साडी घोट्यावर धरून उभ्या राहिल्या. आम्हाला काही कळेना. अक्कांना कळलं. तंजावूरच्या त्यांच्या घरात बाहेरून आलं की पाय धुतल्याशिवाय आत जायचं नाही, असा आईचा दंडक होता. त्यांनी बादलीतलं पाणी घेतलं आणि वाकून बहिणीच्या पायांवर घातलं.

पद्माबाईंनी एक पाय दुसऱ्यावर चोळला आणि वाकलेल्या अक्कांना विचारलं, “अक्का आली का?”

अक्का तशाच वाकून होत्या. मला वाटलं, आता सांगतील. एवढा समुद्र ओलांडून त्या याच एका गोष्टीसाठी आल्या होत्या.

“आली,” अक्का म्हणाल्या. “आत आहे. पान मांडते आहे. चल.”

त्या दिवशी पद्माबाई पोटभर जेवल्या. भोपळ्याची भाजी दोनदा घेतली. वाणी वाढत होती आणि तिचे डोळे वाहत होते, आणि दोन्हींपैकी कशातच तिनं हात आखडता घेतला नाही.

निघायच्या आधी

मग रोज तेच. करी ऐकू आली की अक्का उठायच्या. पण बोट दोन-तीन दिवसांवर आली होती, अक्कांना थांबता येणार नव्हतं. वाणीनं तमिळमध्ये म्हणून पाहिलं, “वीट्टुक्कु पोवम्, अम्मा.” अर्थ तोच. पद्माबाई जागच्या हलल्या नाहीत. ज्या भाषेत त्या पन्नासएक वर्षं संसार करत होत्या त्या भाषेत आता त्यांना घरी नेता येत नव्हतं.

तेव्हा वाणी माझ्याकडे आली. म्हणाली, मला ते वाक्य शिकवा. मी म्हटलं, अक्का शिकवतील. ती म्हणाली, “मावशींना विचारायला मला जड जातं. पहिल्या दिवशी मी भांडी आपटली होती.” मग मी तिला घेऊन त्यांच्याकडेच गेले, आणि शिकवणी तिघींची झाली.

‘चल’ सोपं होतं. ‘जाऊ’ जमलं. ‘घ’ येईना. तमिळमध्ये तो नाहीच. गणिताच्या बाई लहान मुलीसारख्या ओठ मुडपून बसायच्या आणि ‘करी’ म्हणायच्या, फार तर ‘गरी’. हे मध्येच आले आणि म्हणाले, “आधी ग म्हण आणि मग गरम चहावर फुंकर मार.” तिनं फुंकर मारली, शब्द राहून गेला. आम्ही सगळे हसलो. अक्का हसता हसता थांबल्या आणि भाचीच्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, “सरी, सरी. जमेल.”

निघायच्या दिवशी आम्ही बॅगा घेऊन वाणीकडेच आलो, तिथून बंदरावर जायचं होतं. अक्का ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. पद्माबाई खुर्चीत, नजर फाटकावर. म्हणाल्या, “करी.”

सवयीनं अक्का उठायला लागल्या. वाणीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. मग आईसमोर जाऊन उभी राहिली, शाळेत फळ्यापुढे उभी राहत असेल तशी, आणि म्हणाली, “चल अम्मा, करी जाऊ.”

पद्माबाईंनी तिच्याकडे पाहिलं. उठल्या नाहीत.

“चल अम्मा,” वाणी पुन्हा म्हणाली, “गरी जाऊ.”

पद्माबाईंच्या कपाळाला बारीक आठी पडली. मुलीला त्या ओळखत नव्हत्या, वार ओळखत नव्हत्या, समोरच्या पायरीवर बसलेल्या बहिणीला ओळखत नव्हत्या. पण हे चुकलं हे त्यांना कळलं.

“गरी नव्हे गं,” त्या म्हणाल्या. “घरी. घ. म्हण.”

“घरी,” वाणी म्हणाली.

“हं. असं.” आणि पद्माबाईंनी उठण्यासाठी मुलीपुढे हात केला.

त्या दोघी फाटकातून बाहेर पडल्या. कुंपणापलीकडून वाणीचा आवाज येत होता, घरी, घरी, आणि मध्येच पद्माबाईंचा, काहीतरी दुरुस्त करणारा. रिक्षावाला भोंगा वाजवत होता. अक्का उठल्या, पण रिक्षाकडे गेल्या नाहीत. विहिरीशी जाऊन त्यांनी बादली भरून ठेवली.